शार्लटबाई आमच्या कोठ्यात

“डुकराले वाचवाचं पुस्तक वाचून दाखवून राह्यली का पोरीले? अन् आमी रातभर डुकरं हाकलून राह्यलो!”

बाबा हे बोलले तेव्हा पहिलं प्रकरण नुकतंच संपलं होतं. ओसरीत मी होते, माझी नऊ वर्षांची भाची होती आणि माझ्या मोबाइलचा टॉर्च होता, कारण लाइट गेलेली. बाबा जागलीला निघाले होते. पायात गमबूट, हातात बॅटरी, बगलेत वाजवायला रिकामा डबा. सोयाबीनच्या शेंगा भरत आल्या होत्या, आणि या दिवसांत रानडुकरांचा कळप वावरात शिरला की सकाळी पीक कापायला नाही, मोजदाद करायला जावं लागतं. त्यामुळे टोमणा रास्त होता. मी हसले, भाची हसली नाही. ती अजून त्या कुऱ्हाडीपाशीच थांबली होती.

पुस्तक ई. बी. व्हाइट यांचं ‘शार्लट्स वेब’. १९५२ साली अमेरिकेत आलेली मुलांची कादंबरी, गार्थ विल्यम्स यांच्या चित्रांची. सुरुवातीलाच एक बाप कुऱ्हाड घेऊन डुकरांच्या खोपटाकडे निघालेला आहे, कारण रात्री झालेल्या पिल्लांतलं एक मरतुकडं निघालंय आणि ते पोसण्यात अर्थ नाही. त्याची आठ वर्षांची मुलगी फर्न त्याच्या हाताला लोंबकळते, भांडते, आणि पिल्लू वाचवते. नाव ठेवते विल्बर. बाटलीने दूध पाजते. पाच आठवड्यांनी पिल्लू जवळच राहणाऱ्या झुकरमन मामांना विकलं जातं, सहा डॉलरला. तिथल्या कोठ्यात विल्बरला कळतं की आपल्याला खाऊ-पिऊ घालतायत ते थंडीत कापण्यासाठी. आणि मग दाराच्या चौकटीवर राहणारी एक कोळीण त्याला शब्द देते की मी तुला वाचवीन.

वाचवते कशी, ते ठाऊक नसेल तर पुढे वाचण्याआधी पुस्तक मिळवा. ठाऊक असेल तर चला.

आधी जागा सांगते. मी कारंजा (घाडगे) तालुक्यातली. कारंजा म्हटलं की लोक ‘लाड का?’ विचारतात, ते वाशीम जिल्ह्यात. आमचं वर्धा जिल्ह्यातलं, नागपूर-अमरावती हायवेवरचं, संत्र्याचं. आमच्याकडे जनावरांच्या जागेला गोठा म्हणत नाहीत, कोठा म्हणतात. पुण्यात पहिल्यांदा ‘लहानपणी मी कोठ्यात फार रमायचे’ असं रूममेटला सांगितलं तेव्हा तिचा चेहरा जो झाला तो अजून आठवतो. मी पुण्यात जाहिरातींचा मजकूर लिहिते. एका ओळीत माल विकणं हा माझा धंदा. हे मुद्दाम सांगतेय, कारण शार्लटचाही धंदा तोच आहे, आणि ती माझ्यापेक्षा फार पुढची आहे.

वाचायचं तर इंग्रजीतून तिथल्या तिथे मराठी करत. पहिलीच अडचण तिच्या जातीची. मराठीत किडा ‘कोळी’ असतो, म्हणजे पुरुष. बाईमाणूस करायचं तर ‘कोळीण’, आणि कोळीण म्हटल्याबरोबर भाचीच्या डोळ्यांपुढे टीव्हीवरची, नऊवारी आणि माशाची पाटी. “थे मासे विकते का?” मी म्हटलं, नाही गं, पण जाळं तिचंही असतं. शेवटी आम्ही तिला ‘शार्लटबाई’ केलं. गावात मास्तरीणबाई असते, नर्सबाई असते, तशी. हे जमलं. कारण शार्लट खरंच तशीच आहे: कडक, नेटकी, थोडी फटकळ, उगाच लाड न करणारी. ती माशांचं रक्त पिते आणि ते लपवत नाही. विल्बर हबकतो, तेव्हा ती त्याला साध्या आवाजात सांगते की मी जगते ते अशी. मुलांच्या पुस्तकांत प्राणी बोलायला लागले की बहुतेक वेळा त्यांचं प्राणीपण संपतं, उरतात शेपट्या लावलेली माणसं. व्हाइट ते होऊ देत नाहीत. उंदीर उकिरड्यावरचं सडकं खातो, हंसिणीचं एक अंडं उबत नाही ते नासतं आणि त्याचा वास सुटतो, मेंढी दुष्टपणा म्हणून नाही तर ठाऊक आहे म्हणून विल्बरला त्याचं मरण सांगून टाकते. शेणाचा वास पानापानांत आहे. मी शेतकऱ्याची पोरगी असल्याने मला हा वास खोटा असता तर लगेच कळलं असतं.

खोटा नव्हता, कारण व्हाइट स्वतः कोठा सांभाळत होते. ‘न्यू यॉर्कर’सारख्या शहरी साप्ताहिकाचे लेखक, पण मेन राज्यात नॉर्थ ब्रुकलिनला त्यांचं शेत होतं. दरवर्षी वसंतात डुकराचं पिल्लू आणायचं, उन्हाळाभर पोसायचं, थंडीत कापायचं. १९४८च्या जानेवारीत ‘अटलांटिक’ मासिकात त्यांचा एक निबंध आला, ‘डेथ ऑफ अ पिग’. त्यांचं असंच एक डुक्कर आजारी पडलं. त्यांनी त्याला एरंडेल पाजलं, एनिमा दिला, डॉक्टर बोलावला, रात्री जागवल्या. आणि तरी ते मेलं. ज्याला दोनेक महिन्यांनी ते स्वतःच कापणार होते, त्याच्यासाठी हा माणूस हवालदिल झाला होता. निबंधात ते या विसंगतीला सफाई देत नाहीत, नुसती दाखवतात. चार वर्षांनी कादंबरी आली, आणि तिच्यात डुक्कर वाचलं.

बाबांनाही हा निबंध सांगितला. ते म्हणाले, “मंग? आपल्या बैलाले पोटफुगी झाली तं आपन का झोपतो?” आणि विषय संपला. मी अर्धं आयुष्य खर्चून जी विसंगती समजून घेतली तिच्यात त्यांना काही विसंगत वाटलंच नाही.

आता ती जादू. शार्लटबाई जाळ्यात शब्द विणते. एवढीच. छडी नाही, परी नाही, कोणाचं रूप बदलत नाही. रात्री ती जाळ्याच्या मधोमध अक्षरं काढते, सकाळी धुक्यात थेंब चिकटलेल्या धाग्यांवर गडीमाणूस लर्वी ती वाचतो आणि हातातली बादली ठेवून देतो. डुकराची स्तुती. मग बातमी पसरते, गाड्या येतात, पाद्री प्रवचन देतात. डुक्कर प्रसिद्ध झालं, आणि प्रसिद्ध डुकराला कोणी कापत नाही.

मजा अशी की सगळे डुकराला बघतात. जाळ्यात लिहिलं आहे ना, की डुक्कर खास आहे, मग असेलच. मिसेस झुकरमन तेवढ्या म्हणतात की मला तर कोळीण खास वाटते. त्यांना कोणी ऐकत नाही. व्हाइट एका जागी हे फोड करून सांगतातही: माणसं छापलेल्या कशावरही विश्वास ठेवतात. १९५२ साली त्यांच्यापुढे वर्तमानपत्रं आणि साबणाच्या जाहिराती होत्या. आमच्या गावच्या ग्रुपवर रोज सकाळी ‘कृपया पुढे पाठवा’ येतं, त्यामुळे हे प्रकरण मला समजावून सांगावं लागलं नाही. भाची म्हणाली, “मंजे शार्लटबाईनं फॉरवर्ड केलं.”

शब्द मिळवायचे कुठून, हा तर याहून गमतीचा भाग. शार्लटला सुचेनासं होतं तेव्हा टेम्पलटन उंदराला उकिरड्यावर पिटाळतात, मासिकांचे तुकडे आणायला. एक तुकडा ‘कुरकुरीत’ म्हणतो. विल्बरबद्दल हे लिहिलं तर लोकांच्या तोंडाला पाणीच सुटेल, म्हणून रद्द. एक शर्टाच्या कापडाचा, तोही बाद. शेवटी साबणाच्या खोक्यावरचा शब्द कामी येतो, चमकण्याचा. मजकूर लिहिण्याच्या धंद्यावर याहून नेमकी दोन पानं मी वाचलेली नाहीत. ग्राहकाला खाद्य वाटू नये असा शब्द शोधायचा असतो.

आम्ही दुसऱ्या दिवशी हा खेळ खेळलो. आमच्या कोठ्यातला उंदीर काय आणेल? भाची धुऱ्यावरून खरंच तुकडे वेचून घेऊन आली. बियाण्याच्या पिशवीवरचं ‘संशोधित’. खताच्या गोणीवरचं ‘दाणेदार’. ‘संकरित’ हा शब्द विल्बरसाठी कसा आहे यावर आम्ही बराच वेळ हसलो. मग तिने चिखल लागलेलं एक लेबल दाखवलं, लाल त्रिकोण असलेलं. “आत्या, हे?” फवारणीच्या डब्याचं होतं. मी ते तिच्या हातातून काढून घेतलं आणि हात धुवायला लावले. तिने काहूनही विचारलं नाही. आमच्याकडच्या पोरांना तो त्रिकोण वाचता येण्याआधी कळतो.

मी पाचवीत असेन, २००६ साली केंद्र सरकारचं विदर्भ पॅकेज आलं, सहा जिल्ह्यांसाठी. त्यात वर्धाही होतं. ते कशासाठी आलं हे आम्हा पोरांना कोणी सांगितलं नव्हतं. मोठी माणसं ओसरीत बोलत असायची आणि आम्ही आलो की गप्प व्हायची. म्हणजे मरण माहीत होतं, फक्त त्याच्याबद्दल वाक्य नव्हतं. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत या पुस्तकावर सिनेमा आला, डकोटा फॅनिंग फर्न झाली, ज्युलिया रॉबर्ट्सने शार्लटला आवाज दिला. मी तो फार नंतर लॅपटॉपवर पाहिला. गोड आहे. पुस्तकाएवढा कोरडा नाही, आणि माझ्या मते या गोष्टीला कोरडेपणाच लागतो.

मराठीत मुलांसाठी शेतावरची अशी कादंबरी का नाही, हा प्रश्न मला बरीच वर्षं आहे. म्हणजे मी वाचलेल्यात तरी नाही. लहानपणी हाती आली ती ‘श्यामची आई’. कोकणातलं गाव आहे, पण जनावरांचं जग तिच्या मध्यावर नाही. ‘फास्टर फेणे’चा बन्या मूळ फुरसुंगीचा, पण त्याची मजा पुण्याला आल्यावर सुरू होते. ‘एक होता कार्व्हर’ आमच्या शाळेच्या कपाटात होतं. माती त्यात भरपूर, पण ते चरित्र. शेत मराठीत जबरदस्त लिहिलं गेलं ते मोठ्यांसाठी, आणि बहुधा मागे वळून. आनंद यादवांच्या ‘झोंबी’तला मुलगा शेतात राबतो आणि शाळेसाठी बापाशी झुंजतो. ती झुंज खरी आहे, आमच्या घरातही थोडीफार झाली. पण तिच्यामुळे एक गोष्ट पक्की झाली: शेत म्हणजे जिथून सुटायचं ती जागा. जिथून सुटायचं तिथे जादू कोण ठेवेल? मराठी बालसाहित्यातली जादू राजवाड्यात, जंगलात, अंतराळात सापडते. कोठ्यात नाही.

आणि खरं तर आमच्या कोठ्यात ती आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाच्या खांद्याला लोणी-हळद चोळतात आणि त्याला रीतसर उद्याच्या जेवणाचं आवतण देतात. माझे बाबा, जे माणसांशी दिवसाला वीस वाक्यं बोलतात, त्या दिवशी बैलाच्या कानात बोलतात. दुसऱ्या दिवशी तोरणाखाली बैल, आणि तिसऱ्या दिवशी तान्हा पोळा, फक्त पोरांचा. लाकडी बैल, चाकं लावलेले, सजवलेले. घरोघर न्यायचे, ओवाळून घ्यायचं, बोजारा मागायचा. नागपूर-वर्ध्याकडच्यांना हे सांगायला नको, पण पुण्या-मुंबईच्या वाचकांना बहुधा ठाऊक नसेल. एक अख्खा सण आहे ज्यात मुलं लाकडाच्या बैलाला जिवंत धरून गावभर फिरतात आणि मोठी माणसं त्यात सामील होतात. यावर कादंबरी व्हायला हवी होती.

शब्द विणणाराही आमच्याकडे आहे. संत्र्याच्या बागेत पावसाळ्यानंतर दोन झाडांच्या मधे मोठी गोल जाळी दिसतात, आणि त्यांत मध्यावर पांढऱ्या जाड धाग्याच्या नागमोडी रेघा, फुलीसारख्या. फुलीच्या चार पायांवर पाय जोडून कोळी बसलेला. याला इंग्रजीत ‘सिग्नेचर स्पायडर’ म्हणतात, सही करणारा. याच्याच अमेरिकेतल्या एका भावंडाचं नाव ‘रायटिंग स्पायडर’ आहे. तो या रेघा का काढतो यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. किडे ओढायला म्हणतात, पक्ष्यांना जाळं दिसावं म्हणून म्हणतात. शार्लट मात्र या जातीची नाही. ती कोठ्यात राहणारी, अरेनियस कव्हॅटिकस. तिचं आडनाव कव्हॅटिका तिथूनच आलंय. व्हाइट यांनी अशा एका कोळिणीची अंड्यांची थैली न्यू यॉर्कला नेऊन आपल्या कपाटावर ठेवली होती. पिल्लं निघाली आणि कंगवा-आरशाला जाळी लावत सुटली. पुस्तकात डॉक्टर डोरियन म्हणून एक गृहस्थ आहेत. फर्नची आई काळजीने त्यांच्याकडे जाते, की मुलगी म्हणते जनावरं बोलतात, आणि ते जाळ्यातल्या अक्षरांचं काय? डॉक्टरांचं म्हणणं असं की अक्षरं राहू द्या, मुळात जाळं हेच केवढं नवल, कोळ्याला ते कोणी शिकवलं? मी बागेतली ती फुली आयुष्यभर पाहत आले आणि काठीने तोडत आले. या वेळी तोडली नाही.

सगळ्यात कठीण शब्द शेवटचा. जत्रेत, शार्लट थकलेली असताना विणते तो. ‘हम्बल’. ती स्वतः त्याचे दोन अर्थ सांगते: गर्व नसलेला आणि जमिनीजवळचा. ‘नम्र’ म्हटलं तर अर्धा अर्थ सांडतो, वर शाळेतल्या प्रार्थनेचा वास येतो. लॅटिनमध्ये या शब्दाचं मूळ माती आहे. आम्ही ‘मातीतला’ केलं. मूळ शब्दाला शोभतं का माहीत नाही, पण विल्बर चिखलात लोळतो त्यामुळे भाचीला ते एकदम पटलं.

आता माझं भांडण सांगते, कारण एवढं कौतुक केल्यावर ते दाबून ठेवणं बरोबर नाही.

विल्बर वाचला तो प्रसिद्ध झाला म्हणून. झुकरमनने त्या थंडीत डुकराचं मांस खाणं सोडलं असेल का? पुस्तक त्यावर गप्प आहे. दुसरं कुठलं तरी डुक्कर कापलं गेलं असणार, ज्याच्या दारावर कोळीण नव्हती. आणि कोकरं? दर वसंतात कोठ्यात कोकरं येतात, पुस्तक त्यांना मोठ्या प्रेमाने बघतं, आणि ती पुढे कुठे जातात ते विचारत नाही. फर्न पहिल्या प्रकरणात बापाला अन्यायाबद्दल सुनावते. तो अन्याय पुस्तकाने एका डुकरापुरता दूर केला. तीन-चार वर्षांपूर्वी मी हे पुस्तक पहिल्यांदा वाचलं तेव्हा याच कारणासाठी रागावले होते. जाहिरातीने एक जीव वाचतो, व्यवस्था जशीच्या तशी.

आता मला वाटतं, व्हाइटना हे नीट ठाऊक होतं. स्वतःच्या डुकराला वाचवू न शकलेला माणूस सगळ्या डुकरांना वाचवण्याचं पुस्तक लिहिता तर ते परीकथा झालं असतं. त्यांनी एकच वाचवलं, आणि त्याची किंमतही दाखवली. शार्लट मरते. जत्रा उठल्यावर, रिकाम्या मैदानात. आणि व्हाइट सांगून टाकतात की ती मेली तेव्हा तिच्याजवळ कोणी नव्हतं.

असं सांगतात की १९७० मध्ये व्हाइटनी हे पुस्तक स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड केलं तेव्हा या जागी त्यांचा गळा दाटायचा, आणि सतरा वेळा घ्यावं लागलं. मी एका दमात वाचलं, पण ते उलथा करत वाचल्यामुळे. शब्द शोधताना रडता येत नाही. भाचीही रडली नाही. तिने विचारलं, “फर्न कुठी होती?”

हा प्रश्न मी कधी विचारला नव्हता. फर्न, जिने त्याला कुऱ्हाडीतून ओढलं, जी जुन्या दूध काढायच्या स्टुलावर बसून तासन्‌तास जनावरांचं बोलणं ऐकायची. तिचं आडनावच ॲरेबल, म्हणजे नांगरता येणारी जमीन. ती जत्रेत हेन्री फसी नावाच्या मुलाबरोबर आकाशपाळण्यात बसली. विल्बरला पदक मिळण्याच्या गडबडीत तिला पैसे हवे होते आणि हेन्रीला शोधायचं होतं. शार्लट मेल्याचं तिला कळतं का, तेही पुस्तकात कुठे येत नाही. पुढे थंडीतही तिच्या डोक्यात तो पाळणाच असतो. ती मोठी होत होती, कोठ्यात यायची कमी झाली. व्हाइट तिला दोष देत नाहीत. एका वाक्यात उरकतात, आणि मला ते वाक्य पुस्तकातल्या मरणापेक्षा जास्त लागतं.

कारण साधं आहे. ओसरीत जी बाई पुस्तक वाचत होती ती पोळ्याच्या चार दिवसांच्या सुटीवर आली होती. दादाने मागे राहून वावर धरलं. मी बारावीनंतर गेले ती गेले. आणि त्या वेळी घरात जे ठरलं होतं ते मला सोडून सगळ्यांना माहीत होतं. या पोळ्यानंतर बैलजोडी विकायची. ट्रॅक्टर भाड्याने मिळतो, वैरण परवडत नाही, बाबांचे गुडघे गेलेत. जोडी गवळाऊ आहे, आमच्याच भागातली पांढरी, चपळ जात. हिच्या पैदाशीचं सरकारी केंद्र आमच्याच तालुक्यात हेटीकुंडीला आहे. तरी आमच्या गावात आता बोटावर मोजण्याइतक्या जोड्या राहिल्या. २०१५ पासून राज्यात बैलाची कत्तल कायद्याने बंद आहे, त्यामुळे विकलेला बैल ‘कामालेच’ जातो असं सगळे म्हणतात, आणि पुढे कोणी विचारत नाही. कोकरांसारखं.

भाचीला हे आधीच माहीत होतं. म्हणूनच ती पहिल्या दिवशी कुऱ्हाडीपाशी थांबली होती, आणि मला वाटलं होतं गोष्ट रंगलीय.

पोळ्याला आमच्याकडे बैलांच्या अंगावर रंगाने लिहितात. पूर्वी देवाचं नाव, मालकाचं नाव. अलीकडे कापसाला भाव द्या, कर्ज माफ करा. बैल म्हणजे चालता फलक. सकाळी भाची गेरूची वाटी घेऊन कोठ्यात गेली. म्हाताऱ्या बैलाच्या पांढऱ्या पाठीवर तिने मोठ्या, जरा उतरत्या अक्षरांत लिहिलं: मातीतला. दादा म्हणाला, “हे काय?” ती म्हणाली, “त्याचं नाव नाही, तो कसा आहे थे हाय.” तोरणाखाली दोन-चार जणांनी मोबाइलवर फोटो काढले. एकाने मला विचारलं, कुठल्या संघटनेची घोषणा आहे ही?

बाबा काही बोलले नाहीत. पण बैलाला घरी आणताना त्यांनी त्या बाजूने दोर धरला नाही, अक्षरं पुसू नयेत म्हणून दुसऱ्या बाजूने धरला. हे मी पाहिलं. याचा अर्थ बैल विकायचा राहिला असा मी काढला, कारण मी जाहिराती लिहिते.

तिसऱ्या आठवड्यात जोडी गेली. दादाने फोनवर सांगितलं, किंमतही सांगितली, ठीक आली होती. मग भाचीने फोन घेतला. गेरू पावसाने बराच गेला होता, ‘मा’ आणि काना तेवढा दिसत होता, असं तिने सांगितलं. पुस्तक मी तिच्याकडेच ठेवून आलेय, शाळेतल्या बाईंच्या मदतीने इंग्रजीतून एक-एक वाक्य लावून बघते म्हणते. शेवटच्या प्रकरणात शार्लटची पाचशे चौदा पिल्लं फुटतात आणि वाऱ्यावर उडून जातात, तीन राहतात. तिला त्या तिघींची नावं पाठ आहेत: जॉय, अरेनिया, नेली. बाकीच्या पाचशे अकरा जणी कुठे गेल्या ते विचारत होती. मी म्हटलं, जिथे वारा नेईल तिथे. “पुन्याले?” तिने विचारलं, आणि मागे कोणीतरी तिला जेवायला हाक मारली.